मीच घातलेली अट

मी वेबसाइट बनवते. निदान माझ्या कार्डावर अजून तसं छापलेलं आहे. पूर्वी कोणी विचारलं, काय करता, तर हे उत्तर मी न थांबता द्यायचे. हल्ली मधे एक क्षण जातो. त्या क्षणात माझ्या डोक्यात काय चालतं हे मलाही नीट सांगता येणार नाही, पण समोरच्याला वाटतं, बाईंना प्रश्न ऐकू आला नाही. मग तो तोच प्रश्न जरा मोठ्यांदा विचारतो.

मूळची मी यवतमाळकडची. इंजिनिअरिंग झालं आणि पुण्यात आले, त्याला आता वीस वर्षं होतील. स्वारगेटच्या मागच्या बाजूला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, आमचं ऑफिस आहे. मधे पाच वर्षं मी मोठ्या कंपनीत जाऊन आले, पण मुलीच्या वेळी ती नोकरी सुटली आणि पुन्हा याच ऑफिसात आले. मालकांना आम्ही सर म्हणतो. गिऱ्हाइकं साधी असतात: मार्केट यार्डातले दोन-चार आडते, एक दातांचा दवाखाना, मंगल कार्यालयं, शिकवण्या. फार मोठं काम नाही, पण माणसं तोंडओळखीची, आणि साइट बंद पडली की फोन थेट मला. मला ते आवडायचं. बंद पडलेलं चालू करता येणं यात एक मिजास असते, ती माझ्यात भरपूर होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण होतो. मग ते टूल आलं. आपण साध्या भाषेत सांगायचं आणि त्यानं कोड लिहून द्यायचा. सुरुवातीला सगळ्यांनी त्याची टिंगल केली. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या चुका एकमेकांना वाचून दाखवायचा खेळच झाला होता. पुढे खेळ थांबला आणि खेळणारेही कमी होत गेले. कोणाला काढलं असं कधी म्हटलं गेलं नाही. कोणी म्हणालं दुसरीकडे बघतोय, कोणी म्हणालं गावाकडे काही सुरू करतोय, एक जण नुसताच यायचा थांबला. शेवटी सर, मी आणि हिशेब बघणारे एक गृहस्थ, एवढे उरलो.

गणपती झाल्यावर सरांनी मला आत बोलावलं. ते वाईट नाहीत. बोलावल्यावर आधी बसायला सांगतात आणि पंखा वाढवतात.

"मॅडम, दिवाळीपर्यंत तुम्ही आणि टूल मिळून काय होतंय ते करा. मग तुमच्या जागेचं बघू."

पुण्यात "बघू" म्हणजे काय, हे मला वीस वर्षांत चांगलं कळलेलं आहे. मी हो म्हणून बाहेर आले. आम्ही शहराबाहेर, मांजरी गावात राहतो. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजले, ते फारच थोडे निघाले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही." चांगुलपणानंच म्हणाला. पण माझ्याशिवाय पान हलतं की नाही हेच तर बघायचं ठरलं होतं.

मग मी आणि टूल काम करू लागलो. मी सांगायचे, ते लिहायचं, मी वाचायचे. पहिल्या आठवड्यात मी शब्द न शब्द वाचला. एखादी चूक सापडली की इतका आनंद व्हायचा की चहा मागवावासा वाटायचा. पुढे चुका सापडेनाशा झाल्या, तसं माझं वाचणं पातळ होत गेलं. सात महिन्यांचं काम आठवड्यात व्हायला लागलं. सर खूश होते. मीही खूश असायला हवं होतं, पण मला सारखा राग यायचा आणि तो नक्की कोणावर ते कळायचं नाही. ते टूल इतकं नम्र होतं की त्याच्याशी भांडताही येईना. एकदा वैतागून मी त्याला "काहून असं केलं रे बाप्पा" असं लिहिलं, तर त्यानं माफी मागितली आणि चक्क वऱ्हाडीत उत्तर द्यायचा प्रयत्न केला. मी लॅपटॉप बंद करून खाली चष्म्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले.

अशात आमच्याकडे एक जुनं काम परत आलं. टिळक रस्त्याच्या आत एका गल्लीत वधूवर सूचक मंडळ आहे. ते चालवणाऱ्या बाई आता सत्तरीच्या असतील. तेरा वर्षांपूर्वी त्यांची साइट मीच बनवली होती, एकटीनं, हातानं. ती आता फार जुनी झाली होती, मोबाइलवर धड उघडतही नव्हती. बाईंना तुळशीचं लग्न लागायच्या आत नवी हवी होती, कारण मग त्यांचा मोसम सुरू होतो.

"तेव्हा आपण सात महिने घेतले होते," बाई फोनवर म्हणाल्या. "या वेळी नातवंडांच्या लग्नापर्यंत होईल ना?"

मी म्हटलं, "काकू, आठ दिवसांत देते. आता यंत्रच लिहितं."

"आठ दिवसांत मला शिंप्यानं ब्लाउजही दिलेला नाही."

पण आठ दिवसांत झाली. जुना सगळा कोड मी टूलला दिला आणि सांगितलं, हे सगळं नव्यानं लिही, साधं कर, जे लागत नाही ते काढ. त्यानं लिहिलं. शेवटी मला एक यादी दिली: काय बदललं, काय काढलं, कुठे माझा होकार हवा आहे. एकोणीस मुद्दे होते. अकरावा मुद्दा असा होता, की एका ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यातले काही मराठी शब्द तपासून एखाद्याची माहिती इतरांना दाखवायची की नाही हे ठरवलं जातं आहे. हा कधीकाळी चाचणीसाठी घातलेला आणि तसाच राहून गेलेला भाग वाटतो. यामागे काही कारण असेल तर सांगा, नसेल तर काढून टाकतो.

मी जुना कोड उघडून ती ओळ पाहिलीसुद्धा. आजूबाजूला काही स्पष्टीकरण नव्हतं. शेऱ्यात अमुक शब्द असतील तरच माहिती दाखव, अशी अट. असं कोणी लिहीत नाही. शेऱ्याच्या रकान्यावर कोणी काही ठरवतं का? कुठल्या गाढवानं लिहिलंय हे, असं मी मनात म्हणालेलं मला स्पष्ट आठवतं. मला वाटलं, मी मोठ्या कंपनीत होते त्या वर्षांत इथल्या कोणीतरी केलेला उद्योग असेल. मी "काढ" असं सांगितलं आणि बाराव्या मुद्द्याकडे वळले. गुरुवारी संध्याकाळी नवी साइट सुरू झाली.

शनिवारी सकाळी साडेअकराला बाईंचा फोन आला. मी घरीच होते, चिवड्यासाठी पोहे भाजत होते.

"आपण जरा मंडळात येता का? लगेच."

"काय झालं काकू?"

"आल्यावर कळेल. आणि येताना आपल्या त्या यंत्रालाही घेऊन या. माफीनाम्यावर सही त्याची लागेल बहुतेक."

मी पोह्यांखालचा गॅस बंद केला आणि तशीच निघाले. रिक्षात मी पुन्हा दिवस मोजले. बाईंची पर्वा होतीच, पण खरं सांगायचं तर मला दिवाळी दिसत होती. पाच दिवस राहिले होते.

मंडळ म्हणजे एक लांबट खोली. बाईंचं टेबल, समोर चार खुर्च्या, कोपऱ्यात संगणक. एका खुर्चीवर बत्तीस-तेहतीस वर्षांची एक मुलगी बसली होती. मुलगी म्हणायचं ते मंडळाच्या भाषेत. तिच्या मांडीवरचा फोन थरथरत होता. ती उचलत नव्हती, बंदही करत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

"हे कालपासून चाललंय," बाई म्हणाल्या. "हिची माहिती आपल्या नव्या साइटवर झळकली आहे. फोन नंबरासकट. हिला मात्र त्याचा पत्ता नाही. काल सकाळी सातारचा एक गृहस्थ हिला विचारतो, स्वयंपाक येतो का. तेव्हा हिला कळलं की हिचं लग्न ठरवायचं आहे."

"म्हणजे फॉर्म..." मी म्हटलं.

"भावानं भरलाय," ती मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "साइट कोणी बनवली?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

मी म्हणावं तर मी लिहिलेलं नव्हतं. टूलनं म्हणावं तर मला लाज वाटत होती, आणि ते खरंही नव्हतं. "मी आणि टूल," असं काहीतरी पुटपुटले.

"टेस्ट कोणी केली?"

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. साइटवर चिडून आलेली माणसं मी वीस वर्षं बघते आहे. ती ओरडतात, मालकांना बोलवा म्हणतात, पोलिसांत जातो म्हणतात. टेस्ट कोणी केली, असं कोणी विचारत नाही.

"टूलनंच टेस्ट लिहिल्या होत्या," मी म्हटलं. "सगळ्या पास झाल्या."

ती हसली. तिच्या हसण्यात गंमत नव्हती. "त्यानंच लिहायचं आणि त्यानंच पास करायचं. छान." मग बाईंना म्हणाली, "मी तिथे बसू का?" आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यातल्या संगणकापाशी जाऊन बसली.

तेव्हा कळलं की ती नऊ वर्षं खराडीला एका कंपनीत टेस्टर होती. दुसऱ्यांनी बनवलेलं चालतं की नाही, ते बघायचं, मोडेपर्यंत ताणायचं आणि मोडलं की कळवायचं, हे तिचं काम. तीन महिन्यांपूर्वी त्यांची अख्खी टीम एका मीटिंगमध्ये मोकळी केली. घर आमच्या मांजरीचंच निघालं, जुन्या गावठाणातलं. घरातली ती पहिलीच, ऑफिसच्या बसनं कामाला जाणारी. भाऊ म्हणाला, तसंही तुझं काम आता मशीन करतंय, घरी बसून काय करणार, लग्नाचं बघू. आणि तिला न विचारता फॉर्म भरला. फॉर्मवर उमेदवाराचा स्वतःचाच नंबर लागतो, घरच्यांचा चालत नाही, म्हणून त्यानं तिचा दिला.

हे सगळं ती पडद्याकडे बघतच सांगत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "माझं एकटीचं नाहीये हे. अजून दहा जण आहेत. आठवड्याभरात आलेले सगळे नवे फॉर्म दिसतायत. जुन्यांच्या शेऱ्यात काहीतरी लिहिलेलं आहे, आमचा शेरा रिकामा आहे." ती वळली. "काकू, शेऱ्यात तुम्ही काय लिहिता?"

"आवाज ऐकला," बाई म्हणाल्या.

मला एकदम सगळं आठवलं. एखादी गोष्ट इतकी पूर्ण आठवावी आणि चार दिवसांपूर्वी तिचा मागमूसही नसावा, हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तेरा वर्षांपूर्वी मी याच खोलीत, याच टेबलासमोर बसले होते. तेव्हा बाईंची सगळी स्थळं खोक्यांत, पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायची. नवं कार्ड लगेच खोक्यात जायचं नाही. शनिवारी दुपारी, घरातले पुरुष बाहेर गेलेले किंवा झोपलेले असताना, बाई त्या मुलीला किंवा मुलाला स्वतः फोन करायच्या आणि दोनच प्रश्न विचारायच्या. तुमचा फॉर्म भरलाय हे तुम्हाला ठाऊक आहे का? आणि तुम्हाला लग्न करायचं आहे का? वडील म्हणाले, आई म्हणाली, हे त्यांना चालायचं नाही. त्या माणसाचा स्वतःचा आवाज ऐकला की मगच कार्डावर तसं लिहायचं आणि ते खोक्यात टाकायचं. मी साइट बनवताना त्यांना म्हटलं होतं, काकू, एक बटण करून देते, फोन झाला की दाबा. बाई म्हणाल्या होत्या, "बटण कोणीही दाबेल. मी लिहीन." मग मी शेऱ्याचा रकाना दिला, आणि त्यात बाईंनी ते दोन शब्द लिहिले असतील तरच माहिती दाखवायची, अशी अट घातली. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली होती. शेजारी कारण लिहून ठेवलं नाही. एवढं काय लिहायचं, लक्षात राहीलच की, असं वाटलं होतं.

गाढव मीच होते. हे मी त्या दोघींना सांगितलं. गाढव हा शब्द वापरला नाही, बाकी सगळं सांगितलं. टूलनं विचारलं होतं, हेही सांगितलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे त्याला शंका आली आणि आपल्याला नाही आली."

मी लॅपटॉप उघडला. ती अट परत घालायला चार ओळी पुरे होत्या. त्या मी हातानं लिहायला घेतल्या आणि माझी बोटं अडली. जागा सापडेना, कारण नवा कोड मी नीट वाचलेलाच नव्हता. शेवटी टूललाच सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्यानं अट घातली, अकराही जणांची माहिती झाकली, आणि वर तीन ओळींत स्वच्छ लिहून ठेवलं की ही अट कशासाठी आहे आणि मंडळाला विचारल्याशिवाय ती काढू नये. तेरा वर्षांत जे मला लिहायला सुचलं नाही ते. मला रडू येईल असं वाटलं, पण रडावं कशाबद्दल ते ठरेना.

मुलीनं दुसऱ्या नावानं आत जाऊन स्वतःला शोधलं, तिसऱ्या नावानं शोधलं, फोनवरून शोधलं. सापडली नाही. मग म्हणाली, "आता ठीक आहे."

"आज शनिवार," बाई म्हणाल्या. "मी आपल्याला दुपारी फोन करणारच होते. समोरच आहात तर विचारते. फॉर्मचं आपल्याला ठाऊक नव्हतं, ते कळलं. लग्न करायचं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "मला नोकरी करायची आहे."

"मग चुकीच्या कचेरीत आलात," बाई म्हणाल्या, आणि समोरचं टेलिफोनचं यंत्र ओढून भावाला फोन लावला. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"भरला मी फॉर्म, त्यात काय झालं? बहीण हाय माझी."

"बहीण आपली आहे," बाई म्हणाल्या. "नंबर तिचा आहे. लग्नही तिचं आहे. फॉर्म मी फाडला." त्यांनी फोन ठेवला. फाडायला कागद नव्हताच, पण आम्हा दोघींनाही बरं वाटलं.

रविवारी मी अर्धवट राहिलेला चिवडा करायला घेतला. सरांना सोमवारी सांगावंच लागणार होतं, आणि काय सांगायचं याची मी बसल्या बसल्या तयारी करत होते. नुसती चूक कबूल केली तर जागा गेली. चूक टूलवर ढकलली तर ती यादी सरांकडे आहेच, अकरावा मुद्दा त्यांनाही वाचता येतो. विचार करता करता मला एक गोष्ट सुचली, आणि ती नुसती बचावाची नव्हती, खरी होती. म्हणून मला जरा धीर आला.

सोमवारी सरांनी पंखा वाढवला. "बाईंचा फोन आला होता मला. चूक टूलची का तुमची?"

"त्यानं विचारलं होतं, सर. मी हो म्हटलं."

"बरं. मग?"

मग मी बोलले. मला वाटतं, या ऑफिसात इतकं चांगलं मी कधीच बोलले नसेन. म्हटलं, लिहिणं हा आता प्रश्न राहिलेला नाही, ते लिहितं आणि माझ्यापेक्षा बरं लिहितं. पण मी सांगितलेलं मीच तपासलं तर मला जे दिसायला हवं असतं तेवढंच दिसतं. त्यानं लिहिलेलं त्यानंच तपासलं तर तेच. ज्यानं सांगितलं नाही आणि लिहिलंही नाही, असं एक माणूस पाहिजे, जे बसून ते मोडून बघेल. मंडळात आलेल्या त्या मुलीनं पंधरा मिनिटांत काय शोधलं ते सांगितलं. ती नऊ वर्षं हेच करत होती आणि आता घरी आहे, हेही सांगितलं. "एक टेस्टर घ्या, सर," मी म्हटलं. "नाहीतर हे पुन्हा होणार."

सर खिडकीकडे बघत होते. "पटलं," ते म्हणाले.

मला खूप बरं वाटलं.

"अगदी पटलं. म्हणजे आता लिहिणारं माणूस नको, तपासणारं पाहिजे."

"हो."

"मग मॅडम, तुम्ही काय करणार?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. मी म्हटलं, "मी टूलला सांगेन काय करायचं ते."

"ते मीही सांगू शकतो. गिऱ्हाइकांशी मीच बोलतो ना." त्यांनी पंखा कमी केला. "दोन खुर्च्यांचं काम नाही आता आपल्याकडे. माझंही मला किती दिवस आहे, ठाऊक नाही. तुम्ही त्यांना बोलवा. तुम्हीच बोला त्यांच्याशी, तुम्हाला काम कळतं."

तुम्हाला काम कळतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते.

त्या दिवशी बाईंकडे तिचा नंबर मागितला. मी स्वतःच तो झाकला होता, आता उघडून बघणं बरं दिसलं नसतं. बाई म्हणाल्या, "आधी तिला विचारते." संध्याकाळी त्यांनी दिला. मी दोन दिवस फोन केला नाही. कारणं शोधली. दिवाळी आहे, ती गडबडीत असेल. तिला दुसरीकडे मिळालंही असेल. सरांना सांगावं का, की ती नको म्हणाली? खोटं अगदी तयार होतं, उच्चारायचाच अवकाश होता. मी इतकी वाईट नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि इतकी वाईट असायला काय हरकत आहे, असंही सांगत होते. माझी मुलगी दुसरीत आहे. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं, हे विचारायला माझ्या ओळखीत माझ्या जागी असलेलं कोणी उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला. "नंबर आपण मागून घेतलात तो कशाला, जपून ठेवायला?"

मी तिला फोन केला.

पाडव्यानंतरच्या सोमवारी ती आली. इस्त्रीचा कुर्ता, हातात प्रमाणपत्रांची फाइल. मी म्हटलं, फाइल राहू द्या. मंडळाच्याच कामावर बसवलं आणि विचारलं, हे पहिल्यापासून तुमच्याकडे असतं तर तुम्ही काय केलं असतं? ती म्हणाली, "ती यादी बघू शकते का? त्यानं दिलेली?" मी उघडून दिली. तिनं एकोणीसच्या एकोणीस मुद्दे वाचले, सावकाश. अकराव्यावर जरा थांबली, माझ्याकडे पाहिलं नाही, पुढे गेली. सतरावा वाचून म्हणाली, "इथेही एक शंका आहे. इथेही तुम्ही हो म्हटलंय." आम्ही बघितलं. तिची शंका बरोबर होती.

मग मी अर्धा तास तिला काय काय विचारत राहिले. काही प्रश्न मुद्दाम अवघड होते. तिनं चुकावं असं मला वाटत होतं आणि ती चुकली नाही की मला आनंद होत होता. हे दोन्ही एकाच वेळी होत होतं. ज्याचं उत्तर येत नव्हतं त्याला ती सरळ "माहीत नाही, बघून सांगेन" म्हणत होती. समोरच्या कागदावर सरांसाठी मला एक शब्द लिहायचा होता. मी "घ्या" लिहिलं आणि कागद पालथा घातला.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?" मी म्हटलं. हे विचारायची पद्धत असते.

तिनं फाइल उचलली, पुन्हा मांडीवर ठेवली. पुढची नोकरी धरण्याआधी काय विचारून घ्यावं, हे आधीच्या नोकरीनं तिला शिकवलं असावं.

"ही जागा रिकामी कशी झाली?" तिनं विचारलं.

"अजून झालेली नाही," मी म्हटलं.